साठ तीन म्हणणाऱ्या पोराची बाजू



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्यांना रुचेल असं बोलावं, असा प्रघात आहे. आज तो मी मोडणार आहे.

2019च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्र पेटला. एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन' असंही म्हणता येतं, एवढंच त्या पुस्तकाने दाखवलं होतं. लगेच मराठी बुडाल्याची ओरड झाली, विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या. जुनी नावंही त्याच पुस्तकात होती. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी पान उलटून पाहिलं? गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. संसार, मुली सांभाळून 1981 साली गणितात पीएच.डी. मिळवणारी, 'गणितगप्पा' लिहिणारी ही बाई. तिला मराठीचं वावडं आहे, असं म्हणायला जीभ धजावली कशी? पुढे अडीच वर्षांनी याच नाशकात 94वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यांचे पती, खगोलशास्त्रज्ञ जयंतराव नारळीकर अध्यक्ष झाले, आणि आपण विज्ञाननिष्ठेचे गोडवे गायले. मंगलाताई 2023 मध्ये गेल्या. त्यांच्यावरचा तो अन्याय आपण मान्य करायला हवा.

भाषेचा कैवार घेणाऱ्यांनी एकदा पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरच्या वर्गात जाऊन बसावं. घरी कोकणा बोली बोलणारं पोर समोर आहे. बाई 'त्रेसष्ट' म्हणतात. कानाला आधी तीनची चाहूल लागते, म्हणून पोर 3 लिहितं, मग 6. झाले छत्तीस. 'एकोणपन्नास' म्हटलं की त्याला पन्नास ऐकू येतं आणि पाटीवर 59 उमटतात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालवायची आणि शंभराच्या अलीकडे अचानक नव्व्याण्णव. पोराने डोकं चालवून 'एकोणशंभर' म्हटलं, तर पाठीत धपाटा! अहो, त्या वर्गात गणिताचा विचार करणारं तेच एक पोर असतं. शेजारच्या कानडी, तेलुगू मुलाला दशक आधी ऐकू येतो आणि तोच आधी लिहायचा असतो. आपल्या मुलाला वर्षभर ही सोय दिली, तर ज्ञानोबांची भाषा लयाला जाते? इतकी तकलादू नाही ती. दशक-एकक पक्के झाले की तेच पोर त्रेसष्ट म्हणेल, आणि समजून म्हणेल.

आता 'पाढे म्हणजे जुलूम' म्हणणाऱ्यांकडे वळतो. नवं शिक्षण म्हणजे पाठांतराला रजा, हा अर्थ तुम्ही कुठून काढलात? पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे येणारी माणसं अडीच किलोचा हिशेब तोंडी करत, कारण सराव होता. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवून गेलेल्या गणिती द. रा. कापरेकरांकडे बघा. पीएच.डी. नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. तरी 6174 या संख्येने त्यांचं नाव जगभर पोचवलं. 3524 घ्या. अंक उतरत्या क्रमाने 5432, चढत्या क्रमाने 2345, वजाबाकी 3087. पुन्हा तसंच: 8730 वजा 0378, आले 8352. आणखी एकदा: 8532 वजा 2358, 6174! चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या शेवटी इथेच येते. हे दुसरीच्या पोराला जमणार नाही, चौथीच्या पोराला सांगून बघा. हातच्याची वजाबाकी सफाईने आली पाहिजे आणि हजाराच्या घरातला 3 म्हणजे तीन हजार, हेही कळलं पाहिजे. सरावावाचून ते पोर पहिल्याच पायरीवर अडेल, समजुतीवाचून ते आकडे नुसते हलवत बसेल.

म्हणून आजच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडणार आहे. पहिली-दुसरीत संख्यावाचनाच्या दोन्ही रीती शिकवाव्यात, 'साठ तीन' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, आणि पुस्तक बदलण्याआधी आदिवासी पाड्यांवरच्या शिक्षकांना बोलावून त्यांचं ऐकावं. विरोध करणाऱ्यांना माझी एकच अट आहे: ते दुसरीचं पुस्तक हातात घेऊन व्यासपीठावर या.