जीपचं इंजिन खोलायचं की नाही?

आज कोड, सर्व्हर, नोकरी यातलं काहीच नाही. आज जीप. आमच्या गुहागरच्या घरी 1996 ची महिंद्रा एमएम 540 आहे. डिझेल, फोर बाय फोर, एमएच 08. गेल्या पावसाळ्यापासून ती सकाळी सुरू व्हायला त्रास देते, पांढरा धूर सोडते, उभ्या उभ्या लंगडते आणि चढावर दम खाते. प्रश्न असा, की तीस वर्षांच्या गाडीचं इंजिन करायचं का? आणि 'करायचं' म्हणजे नक्की किती करायचं?

आधी हे सांगतो की जीप आमच्याकडे हौस म्हणून नाही. आमची कलमं वर सड्यावर आहेत. घरापासून वरपर्यंत जांभ्याची वाट, एक उभा चढ, दोन वळणं. आंब्याच्या पेट्या उतरवताना एप्रिल-मेमध्ये वाट कोरडी असते, तेव्हा कुठलाही पिकअप चढतो. खरी पंचाईत पावसात. खत घालायचं असतं, कल्टार द्यायचं असतं, आणि वाटेवर नुसतं शेवाळ. मग डिसेंबरपासून मोहोरावर फवारणी, तेव्हा पाचशे लिटरची पाण्याची टाकी मागे टाकून वर जायचं. बाबांची डिझेलची वही आहे, तिच्यावरून मी एक शीट केली. वर्षभरात सड्यावर 64 खेपा, त्यातल्या 23 वेळा फोर बाय फोर टाकावंच लागलं. म्हणजे 'तुम्हाला फोर बाय फोर हवीच कशाला' या पुण्याच्या काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यात उत्तर आहे. 41 खेपा भाड्याच्या पिकअपने होतील. उरलेल्या 23 ना माणसाच्या डोक्यावरून ओझं न्यायचं, नाहीतर ही जीप.

नवी घ्या म्हणणारे खूप. नवी फोर बाय फोर दहा लाखांच्या वर जाते, आणि ती घेतली तर मी बाबांना त्या वाटेवर घालू देईन का, शंकाच आहे. ते सोडून देऊ.

आता इंजिन. एमएम 540 मध्ये आहे ते एक्सडीपी 4.90, मूळ फ्रान्सच्या प्युजो कंपनीचं. 2112 सीसी, चार सिलिंडर. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. हे इंजिन महिंद्राच्या कितीतरी जीपना होतं, कोकणातलं अर्धं वडाप त्याच्यावर चाललं असेल. त्यामुळे लायनर, पिस्टन, रिंग, बेरिंग, गॅसकेट अजून मिळतं. सुटे भाग मिळतात ही जमेची मोठी बाजू. ज्यांच्याकडे कमी खपलेल्या मॉडेलची गाडी आहे त्यांनी हिशेब इथूनच सुरू करावा.

मी दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, सुरू केलं, धूर बघितला आणि सांगितलं, "फुल इंजिन करावं लागेल. पंच्याऐंशी हजार धरून चाला." मी विचारलं, नक्की काय गेलंय? तर म्हणे, "ते खोलल्यावर कळेल."

इथे मी अडलो. आमच्या कामात जुना कोड उघडून बघायला पैसे पडत नाहीत. बघितला, नाही पटला, तर होता तसा ठेवून दिला. इंजिनाचं तसं नाही. हेड उचललं की हेड गॅसकेट नवीन लागणार, मजुरी लागणार, गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार. आणि एकदा सगळं टेबलावर पसरलं की 'एवढं केलंच आहे तर हेही करून घेऊ' हे वाक्य येतंच. म्हणून 'खोलून बघू' हा तपास नाही, तो निम्मा खर्च आहे. न खोलता जेवढं कळेल तेवढं आधी काढून घ्यायचं, असं मी ठरवलं.

आणि न खोलता बरंच कळतं. धुराचा रंग घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये, नाहीतर पाणी आत शिरतंय. आमचा पांढरा. पण पांढरा धूर आणि सकाळचं न सुरू होणं, हे साधे हीटर प्लग गेले तरी होतं. या जातीच्या डिझेल इंजिनात थंडपणी हीटर प्लगशिवाय भागत नाही. आधी ते तपासले. दोन मेलेले होते, बदलले. सुरू होणं सुधारलं, लंगडणं तसंच. नोझल काढून स्टँडवर तपासून घेतले, फवारा ठीक. ऑइलची कांडी काढून बघितली, ऑइल दुधाळ नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. ऑइल फिलरचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवलं, थोडं थरथरलं पण उडालं नाही, म्हणजे रिंगांच्या बाजूने खाली येणारी हवा बेताची. एवढ्या सगळ्याला खर्च किती? तीन हजारांच्या आत.

मग चिपळूणला गेलो, गुहागरहून पंचेचाळीस किलोमीटर. तिथले मिस्त्री वयस्कर, जीपवरच हात बसलेला. त्यांच्याकडे डिझेलचा कॉम्प्रेशन गेज होता. चार सिलिंडरचे आकडे आले 24, 23, 16, 24 बार. हे बघून मला जरा हायसं वाटलं, आणि का ते सांगतो. चारही आकडे सारखेच खाली असते तर सरळ झीज, मग फुल इंजिन. इथे तीन ठीक आणि एकच पडलेला. म्हणजे दोष एका जागी आहे.

मिस्त्रींनी तिसऱ्यात ऑइलचे अगदी थोडे थेंब सोडले आणि पुन्हा मोजलं. रिंग गेल्या असतील तर ऑइलमुळे फट बुजते आणि आकडा चढतो. आकडा 17. जवळजवळ हललाच नाही. (हे घरी करू नका. डिझेलमध्ये वर जागा फार थोडी असते, ऑइल जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल.)

शेवटची तपासणी मला सगळ्यात आवडली. तिसऱ्याचा पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग ऐकायचं. हवा एअर फिल्टरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइल फिलरमधून आली तर रिंग. रेडिएटरला बुडबुडे आले तर गॅसकेट. बाबा मागे गेले, वाकले, सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला आणि म्हणाले, "इथून सुसू येतंय." माझ्या कानाला काही कळेना. मिस्त्री जाऊन आले आणि म्हणाले, "बरोबर आहे भाऊंचं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळलाय."

म्हणजे काम हेडचं. व्हॉल्व्ह, गाइड, सीट, लेथवर हेडला फेस, नवीन गॅसकेट. अंदाज 24 हजार. पंच्याऐंशी नाही.

पण मी लगेच हो म्हटलं नाही, कारण यंत्र नीट झालं म्हणजे सगळं झालं असं नसतं. गुहागरकरांना हे सांगायला नको, अंजनवेलला रोज दिसतं. एन्रॉनचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढून तो पुन्हा उभा करायला घेतला. टर्बाइन दुरुस्त झाली, वीज सुरू झाली, आणि 2013 मध्ये गॅसच मिळेना म्हणून पुन्हा थंड.

जीपच्या बाबतीत ही दुसरी बाजू म्हणजे चॅसी आणि कागद. समुद्राकाठी गाडीचं इंजिन शेवटी मरतं, आधी लोखंड जातं. खारी हवा आहेच, वर धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून गाडी नेली की खालून खारं पाणी उडतं. चॅसीची पट्टी पेटीसारखी पोकळ असते, ती आतून गंजते आणि बाहेरून रंग छान दिसतो. म्हणून हातोडीने ठोकत गेलो. टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तिथे खडूने खूण. तीन खुणा झाल्या. दोन बॉडीच्या ब्रॅकेटला, त्या वेल्डिंगने भागतील. एक मागच्या स्प्रिंगच्या शॅकलजवळ, तिथे पत्रा कापून नवा घालावा लागेल. स्प्रिंगच्या जागी नुसता तुकडा चिकटवून चालत नाही, सगळं वजन तिथे येतं. हे 9 हजार.

कागदाचं असं. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते, हे दिल्लीचं ऐकून लोक इथे सांगतात. आपल्याकडे तसं नाही. पासिंग झालं की पाच-पाच वर्षांनी आरसी वाढवून मिळते. आमची 2011, 2016, 2021 ला झाली, आता 2026. पण 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारीची नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली, वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडून जुनं इंजिन आणून बसवायचा सल्लाही मिळाला. इंजिन नंबर आरसीवर असतो, तो बदलायचा म्हणजे आरटीओत आणखी फेऱ्या. नकोच.

बेरीज पन्नास हजारांच्या आत-बाहेर, पाच वर्षांसाठी. 23 खेपांना भागिले तर सड्यावरच्या एका फेरीला चारशे-साडेचारशे. मला हे पटलं.

फक्त एक अट मी हेड उचलायच्या आधीच मिस्त्रींना सांगून ठेवली. सिलिंडरच्या वरच्या कडेला झिजून पायरी पडलेली असते, तिला नख लावून बघायचं. नख अडकलं तर तिथेच थांबायचं, मला फोन करायचा, पुढचं काही मागवायचं नाही. ते हसले, म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं केलंत. लोक खोलल्यावर सांगतात."

मंगळवारी हेड उतरलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा काठ नखाएवढा खाल्लेला निघाला. पायरी आहे, पण नख सरकून जातं. हेड सध्या लेथवर आहे, चॅसीचा तुकडा कापून झालाय, आणि बाबांनी पासिंगसाठी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आत्ताच आणून ठेवल्यात.