जलतरणपटू आणि शिक्षक सचिन नाग
(महोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांला बोलायला उभे केले आहे ते मुलांच्या उन्हाळी पोहण्याच्या वर्गाविषयी. हौद भाड्याने घेण्याला गेल्या सभेत कोणाचाच विरोध नव्हता. वाद झाला तो शिकवणाऱ्याच्या मानधनावर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पोहायला मास्तर कशाला? आम्ही विहिरीतच शिकलो." यात खोटे काही नाही. आम्हीही विहिरीतच शिकलो. पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर आणि काठावर मामा. ज्या दिवशी भोपळा सुटला त्या दिवशी पोहणे आले, असा तो हिशेब. पण तसे शिकलेले आम्ही आजही डोके पाण्याबाहेर ताठ धरून हातपाय आपटतो, आणि चाळीस-पन्नास हात गेलो की धापा टाकतो. बुडू नये एवढे मामांनी शिकवले, त्याबद्दल त्यांचे ऋण आहेच. त्यापुढचे शिकवायला कोण लागतो, हे एका माणसाच्या चरित्रावरून सांगावे असा आमचा विचार आहे.

त्यांचे नाव सचिन नाग. जन्म १९२० साली, काशीत. घर बंगाली, गंगेचा काठ जवळ. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. १९३० साल, चळवळीचे दिवस. घाटावर जमलेल्या गर्दीवर पोलिसांच्या लाठ्या पडू लागल्या तेव्हा या दहा वर्षांच्या पोराने गंगेत उडी टाकली. त्याच वेळी नदीत दहा किलोमीटरांची शर्यत चालली होती. तो त्यात मिसळला आणि तिसरा आला! गोष्टीत थोडे मीठमसाल्याचे असेलही. पण पुढचे आयुष्य पाहिले की ती खोटी म्हणवत नाही.

नदीवर वाढलेल्या पोराला दमसास असतो, वेग मात्र शिकावा लागतो. नाग पुढे कोलकात्यास गेले, हाटखोला क्लबाच्या तळ्यात उतरले, आणि तेथे त्यांना शर्यतीचे पोहणे मिळाले. शर्यतीत तोंड पाण्यात असते. श्वास कुशीवर वळून, हाताच्या फेऱ्याशी मेळ घालून घ्यायचा. तोंडातला वारा पाण्यातच सोडायचा. पाय गुडघ्यातून न आपटता मांडीपासून हलवायचे. हे आपले आपल्याला दिसत नाही. काठावर उभे राहून पाहणारा डोळा लागतो.

१९४७ साली कोलकात्याच्या दंगलीच्या दिवसांत नागांच्या उजव्या पायाला गोळी लागली. पोहणाऱ्याचा पाय! बरे व्हायला दीर्घ काळ लागेल असे डॉक्टरांचे मत पडले. तरी १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये आणि वॉटर पोलोच्या संघातही. त्या संघाने चिलीला ७-४ असे हरवले, आणि सातांपैकी चार गोल नागांचे होते.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने झाले. शंभर मीटर फ्रीस्टाइल नागांनी १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. आज आपल्या देशातले आघाडीचे पोहणारे तेच अंतर पन्नास सेकंदांच्या आसपास काटतात, म्हणून तरुण मंडळींना हा आकडा मोठा वाटणार नाही. तर त्यांनी पुढील आकडे ऐकावेत. आशियाई सामन्यांत पोहण्याच्या शर्यतीतले भारताचे सुवर्णपदक आजवर एवढेच. त्यानंतरचे पदक यायला १९८६ उजाडले, खजानसिंगांचे रौप्य. मग २०१० साली आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाड्यांनी कांस्य आणले, आणि २०१४ मध्ये संदीप सेजवाल यांनी आणखी एक.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नागांची स्वतःची कारकीर्द चालू होती तेव्हाच हाटखोल्याच्या तळ्यावर चार वर्षांची एक मुलगी बापाचा हात धरून येऊ लागली. बाप साधा नोकरदार, मुलीची आई वारलेली. पाण्यात मुलीचे अंग सहज तरंगते, हे नागांनी हेरले आणि तिला हाताखाली घेतले. पाचव्या वर्षी तिने शर्यत जिंकली. अकराव्या वर्षी, १९५२ साली, ती हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उतरली. हीच आरती साहा. त्या वर्षी भारताच्या चमूत चारच स्त्रिया होत्या. मुंबईच्या डॉली नाझीर पोहायला होत्या, तर मेरी डिसोझा धावायला.

पुढे आरतीने इंग्लिश खाडी पोहायचे मनावर घेतले. खाडी अरुंद ठिकाणी तेहतीस-चौतीस किलोमीटर, पण भरती-ओहोटी पोहणाऱ्याला एकदा इकडे, एकदा तिकडे ओढत नेते, त्यामुळे अंतर वाढत जाते. सरावासाठी ती कोलकात्यात देशबंधू पार्कच्या तळ्यात आधी सलग आठ तास, मग सलग सोळा तास पोहली. २७ ऑगस्ट १९५९ रोजी पहिला प्रयत्न झाला. वाट दाखवणारी होडीच चाळीस मिनिटे उशिरा आली. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला असताना उलट प्रवाह लागला. तासन् तास हात मारून जेमतेम दोन मैल सरले, आणि तिला पाण्याबाहेर यावे लागले.

महिन्याने, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली. एकोणीस वर्षे पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. या वेळी १६ तास २० मिनिटांनी तिचे पाय सँडगेटच्या वाळूला लागले. खाडी पोहून जाणारी आशियातली ती पहिली स्त्री. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

आणि गुरूला? नाग १९८७ साली निवर्तले. ध्यानचंद पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो २०२० साली, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. घरच्यांनी तो घेतला. आम्हांला यात सरकारवर आग पाखडायची नाही. आपणही घरी तेच करतो. मुलाला बक्षीस मिळाले की पेढे वाटतो, आणि मास्तरांचे पैसे द्यायची वेळ आली की घासाघीस करतो.

ज्येष्ठ सभासदांची आम्ही क्षमा मागतो, कारण सभेत त्यांच्या बोलण्याला हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पण त्यांची नात यंदा सहा वर्षांची झाली, हे आम्हांस ठाऊक आहे. मानधनाचा ठराव आज संध्याकाळी पुन्हा मांडला जाईल. तो संमत झाल्यास वर्ग एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल. मुलींची तुकडी वेगळी असेल. नावे चिटणिसांकडे द्यावीत. सोबत टॉवेल आणि कोरडे कपडे असावेत. भोपळा आणू नये.