वेट: थांबणं, वाट पाहणं आणि जागं राहणं

आज एकच क्रियापद घेणार आहे, 'वेट'. एवढंसं आहे, पहिली-दुसरीत शिकलेलं आहे, आणि माझ्या पहिल्या नोकरीत त्यानेच मला तोंडावर पाडलं होतं. म्हणून आधी तो किस्सा.

नोकरीला लागून सात-आठ महिने झाले असतील. मी पुण्यात, क्लायंट अमेरिकेत. तिकडच्या एका गृहस्थांकडून डेटाबेसचा ॲक्सेस हवा होता. मेल टाकला आणि शेवटी लिहिलं, 'आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय.' उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आय ॲम स्टिल वेटिंग.' तिसऱ्या दिवशी मॅनेजरने बाजूला घेतलं. "अरे, काही बिनसलंय का तुझं त्यांच्याशी? ते विचारतायत, हा मुलगा एवढा चिडलाय कशावरून?"

मी गार. माझ्या डोक्यात मी 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहे' असं लिहिलं होतं. शाळेत पत्रलेखनात हेच वाक्य लिहून मार्क मिळवलेत आपण सगळ्यांनी. यापेक्षा नम्र आणखी काय लिहायचं? पण पुढचे दोन महिने माझा प्रत्येक मेल आधी मॅनेजर वाचायचा आणि मग तो बाहेर जायचा. बीटेकची चार वर्षं इंग्रजीत पेपर लिहिलेल्या माणसाला हे लागतं हो.

चूक व्याकरणाची नव्हतीच. 'आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. पण मेलमध्ये ते वाचणाऱ्याला ऐकू येतं असं, की मी इथे ताटकळतोय आणि ते तुमच्यामुळे. त्यात 'स्टिल' घातलं की संपलंच, म्हणजे 'अजून ताटकळतोय'. मराठीत 'वाट पाहतो' म्हटलं की नजर येणाऱ्याच्या रस्त्याकडे असते, त्यामुळे त्यात थोडी ओढ येते. इंग्रजीत ही ओढ 'वेट'मध्ये आपोआप येत नाही. तिच्यासाठी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' आहे. इथे 'टू हिअर' नाही, 'टू हिअरिंग'. मीही वर्षभर 'टू हिअर' लिहीत होतो. आणि घाई असेल तर वेटच्या नादाला लागूच नका. सरळ लिहा, अमुक काम गुरुवारपर्यंत करायचंय, त्याआधी ॲक्सेस मिळाला तर बरं होईल. यात कोणी चिडलेलं दिसत नाही.

'आय ॲम एक्स्पेक्टिंग युअर रिप्लाय बाय मंडे' तर त्याहून वाईट. मराठीतलं 'अपेक्षा आहे' सौम्य आहे, पण हे वाक्य साहेबाने हाताखालच्याला सोडल्यासारखं वाटतं.

आता व्याकरणाचा भाग. आपल्याकडे 'आय ॲम वेटिंग यू' सर्रास ऐकू येतं. कारण सरळ आहे. मराठीत 'मी तुझी वाट पाहतोय' या वाक्यात 'वाट' हे नाम मध्ये बसलंय, आणि 'तुझी' त्याला चिकटलंय. इंग्रजीत ती वाट गायब, म्हणून तिच्या जागी 'फॉर' लागतो. वेट फॉर मी, वेट फॉर द बस. उलट 'अवेट'ला फॉर चालत नाही. त्याचं कर्म थेट त्याच्यापुढे येतं. 'वी अवेट युअर डिसिजन.' ऑफिसच्या मेलमधलं 'अवेटिंग फॉर युअर अप्रूव्हल' हे दोघांना एकत्र करून झालेलं कडबोळं आहे. आणि 'अवेट' जरा सुटाबुटातला शब्द आहे. स्टॉपवर उभं राहून 'आय अवेट द बस' म्हणालात तर बाजूचा वळून बघेल.

माझ्यासारख्या प्रोग्रामरना हे लक्षात ठेवायला सोपं आहे. सी शार्पमध्ये 2012 साली 'अवेट' हा कीवर्ड आला, पायथनमध्ये 2015 ला, जावास्क्रिप्टमध्ये 2017 ला. आपण रोज लिहितो, अवेट आणि लगेच पुढे ज्याची वाट पाहायची ते. मध्ये फॉर नाही. (जावास्क्रिप्टवाले लगेच हात वर करतील, तर हो, तिथे लूपमध्ये 'फॉर अवेट' आहे. पण 'अवेट फॉर' नाहीये!)

दुसरा घोळ 'कान्ट वेट'चा. 'द पेशंट कान्ट वेट' म्हणजे पेशंटला थांबवून चालणार नाही, घाईची वेळ आहे. पण 'आय कान्ट वेट टू मीट यू' म्हणजे 'कधी एकदा भेटतोय असं झालंय'. आमच्या टीममधल्या एकाला क्लायंटने लिहिलं होतं, 'कान्ट वेट टू सी द डेमो'. बिचारा रात्री दोनपर्यंत बसला. डेमो पुढच्या शुक्रवारी होता. याच्या विरुद्ध 'इट कॅन वेट'. इथे थांबतं ते काम, माणूस नाही. उद्या केलंत तरी चालेल, एवढाच अर्थ. हे वाक्य साहेबाच्या तोंडून फार क्वचित ऐकायला मिळतं, मिळालं तर घरी जा.

रेल्वेचं 'वेटिंग' हे मात्र आपलंच. "वेटिंग किती आहे?" "बारा." "होईल कन्फर्म." इथे क्रियापदाचं आपण नाम केलं, त्याला आकडा लावला, आणि छान चाललंय.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचच्या उत्तरेकडच्या बोलीतून, आणि त्याच्याही मागे जर्मॅनिक भाषांमधलं एक मूळ आहे. 'वेक' म्हणजे जागं होणं आणि 'वॉच' म्हणजे पहारा देणं, हे त्याच मुळाचे नातेवाईक. म्हणजे वेटचा जुना अर्थ नुसतं थांबणं नव्हता, लक्ष ठेवून राहणं, पाळत ठेवणं असा होता. 'लाय इन वेट', दबा धरून बसणं, यात तो अजून शिल्लक आहे. 'वेट ऑन' म्हणजे कुणाच्या दिमतीला राहणं, त्याला काय हवं-नको ते बघणं. त्यातूनच हॉटेलातला वेटर. तो आपल्याकडे लक्ष ठेवतो म्हणून वेटर, निदान शब्दाप्रमाणे तरी.

आणि आपल्याकडे बघा. वाट 'पाहणं'. प्रतीक्षा म्हणजे प्रति अधिक ईक्षा, ईक्ष् म्हणजे पाहणं. अपेक्षा, तीही ईक्ष्. इंग्रजीतलं एक्स्पेक्ट लॅटिनमधून आलंय, तिथेही अर्थ बाहेर नजर लावणं. लुक फॉरवर्डमध्ये तर लुक उघडच आहे. हे कळलं तेव्हा त्या जुन्या मेलचा थोडा राग गेला. दोन्ही भाषा पाहतच होत्या, मी चुकीच्या खिडकीतून पाहिलं.

ते जागं राहणं मात्र एका ठिकाणी परत येतं, 'वेट अप'मध्ये. कुणी घरी येईपर्यंत न झोपणं. मराठीत याला एक क्रियापद नाही, 'माझ्यासाठी जागी राहू नकोस' असं अख्खं वाक्य लागतं. गेल्या महिन्यात सोलापूरला घरी जात होतो, बसला उशीर झाला. फोन केला, "आई, जेवायला थांबू नकोस, मला एक वाजेल. झोप तू." म्हणाली, "हो रे, झोपतेच आता." पोचलो तेव्हा पावणेदोन. बेलला हात लावायच्या आत दार उघडलं. म्हणे पाणी प्यायला उठले होते. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशीच असतो.

चला. तुमचेही वेटिंगचे घोळ असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. उत्तर द्यायला मला आठवडा लागतो. 'स्टिल वेटिंग' असा मेल पाठवू नका.