शाळेचे यंत्र आणि मुलांचा खेळ



अमेरिकेतील अनेक शाळा मुलांच्या हाती लॅपटॉप देतात. मात्र त्यावर नवा प्रोग्राम बसविण्याचा अधिकार स्वतःकडे राखतात. ही दक्षता रास्तच आहे. यंत्र शाळेचे, आणि एका विषाणूने सर्वांचेच काम खोळंबते.

परंतु खेळायचे म्हणजे खेळ यंत्रावर बसविलाच पाहिजे, असे आता उरलेले नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने दोन हजारांवर जुने डॉस-खेळ खुले केले. तेथे ब्राउझरच्या पानातच जुन्या संगणकाची नक्कल चालते. यंत्रावर काही बसतच नाही. मग कुलूप अडविणार कोणाला? शाळेने ते संकेतस्थळच बंद करायचे, एवढाच मार्ग राहतो.

पण त्याच संग्रहात ‘ओरेगॉन ट्रेल’ होता. त्याचे मूळ रूप १९७१ साली मिनीआपोलिस येथे तिघा विद्यार्थी-शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी रचले होते! म्हणजे खेळाबरोबर धडाही दाराबाहेर गेला. कुलपाला हा भेद कळत नाही. तो शिक्षकालाच कळावा लागतो. म्हणून मुलाने कुलूप चुकविण्याआधी विचारावे, आणि गुरुजींनी ‘नाही’ म्हणण्याआधी तो खेळ एकदा स्वतः खेळून पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.