रोम येथील धर्मगुरुमेळावा आणि आपला धर्मग्राम
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं रोम येथील धर्मगुरूंच्या मेळाव्याविषयीं चार शब्द सांगावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. हा मेळावा २०१० सालच्या जून महिन्यांत, ९ पासून ११ तारखेपर्यंत भरला होता, व त्यास हजर राहण्याचें भाग्य आम्हांस लाभलें. मध्यंतरीं बरींच वर्षें लोटलीं. तथापि तेथें जें ऐकलें त्याचा संबंध धर्मगुरूंइतकाच प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाशीं आहे, म्हणून तें आपणांपुढें मांडणें उचित वाटतें.

प्रथम मेळाव्याचें निमित्त सांगूं. फ्रान्स देशांतील आर्स गांवचे धर्मगुरु संत जॉन मेरी व्हियान्नी हे ४ ऑगस्ट १८५९ रोजीं देवाघरीं गेले. त्या घटनेस दीडशें वर्षें होत होतीं, म्हणून पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं १९ जून २००९ पासून 'धर्मगुरुवर्ष' पाळण्यास सांगितलें होतें. त्याचा समारोप या मेळाव्यानें झाला. विद्यार्थिदशेंत व्हियान्नी यांस लॅटिन भाषा फार जड गेली. १८१८ सालीं ते आर्स येथें आले तेव्हां गांवची वस्ती सुमारे २३० होती. पुढें त्याच खेड्याकडे दूरदूरचे यात्रेकरू लोटूं लागले आणि हे धर्मगुरु दिवसाचे सोळा-सोळा तास लोकांचें पापनिवेदन ऐकत बसूं लागले. एकान्तवासाच्या ओढीनें त्यांनीं गांव सोडण्याचा प्रयत्न एकाहून अधिक वेळां केला. परंतु प्रत्येक वेळीं ते आपल्या लोकांकडे परतले. १९२९ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशीं तटाबाहेरील संत पौलाच्या महामंदिरांत कलोनचे कार्डिनल माइसनर यांनीं मनपरिवर्तन व प्रेषितकार्य या विषयावर चिंतन सांगितलें. त्यांच्या बोलण्याचा रोख स्पष्ट होता. धर्मगुरूनें इतरांचें पापनिवेदन ऐकावें, एवढ्यानें भागत नाहीं. जाळीच्या दुसऱ्या बाजूस गुडघे टेकून त्यानें स्वतःही वारंवार आपलें पाप सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं संत पेत्राच्या चौकांत जागरण-प्रार्थना झाली. पांच खंडांतील पांच धर्मगुरूंनीं पोपमहोदयांस प्रश्न विचारले. पहिला प्रश्न ब्राझीलच्या एका धर्मगुरूचा होता. कामाचा भार शक्तीपलीकडे वाढला आहे, आतां काय करावें, असा त्याचा आशय होता. आजच्या काळीं धर्मग्राम सांभाळणें कठीण आहे, हें पोपमहोदयांनीं प्रांजळपणें मान्य केलें. सर्व गोष्टी करणें साधत नाहीं. म्हणून पवित्र मिस्सा व इतर संस्कार, देवशब्दाची घोषणा आणि गरजूंची प्रेमसेवा या तिहींस अग्रस्थान द्यावें, आपली मर्यादा ओळखावी व स्वतःच्या आत्म्याची हेळसांड करूं नये, असा त्यांच्या उत्तराचा सारांश होता.

११ जून हा येशूच्या पवित्र हृदयाचा सण. त्या सकाळीं सुमारे १५,००० धर्मगुरु शुभ्र वस्त्रें परिधान करून पोपमहोदयांबरोबर मिस्सा अर्पण करीत होते. वेदीवर संत व्हियान्नी यांचा चषक होता. अशा दिवशीं केवळ गौरवाचे शब्द निघाले असते तरी कोणास नवल वाटलें नसतें. परंतु त्याच वर्षीं युरोपांतील अनेक देशांत, धर्मगुरूंनीं बालकांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचीं प्रकरणें उघडकीस आलीं होतीं. पोपमहोदयांनीं तो विषय टाळला नाहीं. त्यांनीं धर्मगुरूंच्या पापांचा उघड उल्लेख केला; देवाची आणि पीडितांची क्षमा मागितली; असें पुन्हां घडूं नये म्हणून शक्य तें सर्व करण्याचें वचन दिलें. तेविसाव्या स्तोत्रांतील मेंढपाळाच्या काठीविषयीं बोलतांना, धर्मगुरुपदास न शोभणारें वर्तन खपवून घेणें म्हणजे प्रेम नव्हे, असेंही त्यांनीं बजावलें. काठी कळपाच्या रक्षणासाठीं आहे. मेंढपाळांची अब्रू झांकण्यासाठीं नाहीं, हा बोध आम्हीं तेथून घेतला.

बंधुभगिनींनो, क्षमा मागणें हें पहिलें पाऊल होय. पुष्कळ पीडितांस तें अपुरें वाटलें, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. शब्दांमागून कृति यावयास हवी. पोप फ्रान्सिस यांनीं ७ मे २०१९ रोजीं काढलेल्या आज्ञापत्रानें प्रत्येक धर्मप्रांतांत तक्रार देण्याची व्यवस्था आवश्यक झाली, व असा प्रकार कळल्यास वरिष्ठांस कळविणें हें धर्मगुरु व व्रतस्थ यांचें कर्तव्य ठरलें. आपल्या देशांत बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा आहे. त्याप्रमाणें अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणें हाही अपराध आहे.

पुढें २०२४ सालीं, २८ एप्रिल ते २ मे या दिवसांत, रोमजवळील साक्रोफानो येथें जगांतील दोनशेंहून अधिक प्रमुख धर्मगुरु एकत्र जमले. लहान लहान गटांत बसून एकमेकांचें ऐकणें, हीच तेथील कामाची रीत होती. त्यांस लिहिलेल्या पत्रांत पोप फ्रान्सिस यांनीं, पवित्र आत्म्यानें लोकांस दिलेलीं दानें ओळखून त्यांची सेवा करण्यास आणि सर्वांसह विचारविनिमय करण्यास सांगितलें. २०१० च्या क्षमायाचनेशीं याचा निकटचा संबंध आम्हांस दिसतो. ज्या धर्मग्रामांत लोकांचें कोणी ऐकत नाहीं, तेथें लहान मुलाचें कोण ऐकणार?

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचें वर्ष हें बंदिवानांच्या सुटकेचें व गमावलेली भूमि मूळ कुळास परत देण्याचें वर्ष म्हणून सांगितलें आहे. केवळ रोषणाई आणि मेजवानी यांनीं तें साजरें होत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं कष्टानें उभारलेल्या या मंदिरांत मुलें धर्मशिक्षणास येतात, वेदीसेवा करतात, गायनांत भाग घेतात. त्यांपैकीं कोणी भीतभीत कांहीं सांगूं लागलें तर त्यास गप्प बसवूं नका. तें शांतपणें ऐका आणि योग्य ठिकाणीं पोहोंचवा. ज्याच्याविषयीं सांगितलें तो मनुष्य कितीही थोर असो, आम्हां धर्मगुरूंपैकीं असो, त्याची भीड धरूं नका. आमचा मान राखणें म्हणजे आमचे दोष झांकणें नव्हे. तसेंच आमच्यासाठीं प्रार्थना करणेंही सोडूं नका. तिची गरज आम्हांस फार आहे.

उत्तम मेंढपाळ प्रभु येशू ख्रिस्त या धर्मग्रामांतील लहानथोरांचें रक्षण करो, आणि पवित्र मरिया माता आपणां सर्वांसाठीं विनंति करो. आमेन.