गाळातली गोळी

ताप आला, डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, चार दिवसांत बरं वाटलं. आपल्या लेखी गोळीचं काम संपलं. पण सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाचा बराचसा भाग शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. कुपवाडच्या घराघरांतून तो गटारात जातो, मिरजेच्या इस्पितळांतूनही जातो. शुद्धीकरण केंद्रात पाणी निवळतं, पण हे औषध तळाच्या गाळाला चिकटून बसतं. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला, की औषध उसाच्या सरीत. एवढ्याशा मात्रेनं जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

यावरचा एक उपाय कुजक्या लाकडावर सापडतो. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन सहसा कुणाला पचत नाही. पांढरी कूज आणणारी बुरशी मात्र लॅकेजसारखी विकरं अंगाबाहेर सोडून ते फोडते. या विकरांचा घाव एका रेणूपुरता नसतो, म्हणून औषधांचे चिवट रेणूही तुटतात. ट्रामेटिस व्हर्सिकलर या बुरशीनं प्रयोगशाळेतल्या द्रवात सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन सात दिवसांत ९० टक्क्यांहून अधिक मोडल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं. आपण भाजी करतो ती धिंगरी अळंबीही याच पांढऱ्या कुजीच्या गोतातली.

बुरशी आणि औषध हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं बुरशीकडूनच पेनिसिलिन करून घेतलं. आता निस्तरायलाही तिलाच बोलवायचं!

पण गाळ म्हणजे प्रयोगशाळेची बाटली नव्हे. तिथं आधीच जिवाणूंची दाटी असते. त्यात टिकायला बुरशीला पेंढ्यासारखा आधार लागतो. आपल्याकडे उसाचं पाचट मुबलक आहे, ते इथं वापरून पाहता येईल. औषध मोडल्यावर उरणारे तुकडे निरुपद्रवी आहेत का, हे तपासावंच लागतं. जड धातू मात्र बुरशीच्यानं नाहीसे होत नाहीत. म्हणून कारखान्यांचं सांडपाणी घरगुती मैल्यात मिसळता कामा नये. आणि अशा गाळावर अळंबी उगवलीच, तर ती खायची नाही.

हे तंत्र आपल्या गावात येईल तेव्हा येईल. तोवर एवढं करा: चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नका, आणि उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका.