वजनदार शब्द आणि आपले वर्ग

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापुढे मी एखादी नवी अध्यापनपद्धती मांडणार नाही. विषय भाषेचाच आहे. परंतु तो पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सापडावयाचा नाही. एखादी गोष्ट फार महत्त्वाची आहे हे सांगण्यासाठी लेखक जे शब्द योजतात, त्या शब्दांविषयी मला बोलावयाचे आहे. ऐतिहासिक, अभूतपूर्व, युगप्रवर्तक, क्रांतिकारक ही त्यांतील नित्याची मंडळी. यांपैकी बऱ्याच शब्दांचा आजचा अर्थ आपल्याकडे इंग्रजीच्या वाचनातून आलेला आहे. म्हणून इंग्रजी लेखक असे शब्द कसे वापरतात, हेही ओघाने पाहावे लागेल.

महत्त्वाच्या गोष्टीला आपण वजनदार म्हणतो. ही कल्पना फार जुनी आहे. संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड. छंदातील लघु-गुरूंमधला गुरू तो हाच. लॅटिन भाषेतील 'ग्राव्हिस' हा शब्द याचा नातलग आहे. त्यापासून इंग्रजीत 'ग्रॅव्हिटी' आला आणि त्याचा अर्थ गुरुत्वाकर्षण असाही होतो व गांभीर्य असाही होतो. आपल्या कोल्हापूरच्या पोराला एखादी कुस्ती आवडली की ते 'लई भारी' म्हणून ओरडते, तेव्हा नकळत तेही वजनच करीत असते. गाव आपल्याला गुरुजी म्हणते. तेव्हा शब्दांच्या वजनाचा विचार आपण करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

'ऐतिहासिक' या शब्दापासून आरंभ करू. इंग्रजीत या ठिकाणी दोन शब्द आहेत. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंध असलेले; 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात ज्याला जागा मिळेल असे. फाउलर नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली इंग्रजी शब्दांच्या वापराविषयी जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात हा भेद नोंदविलेला आहे. हे फाउलर कोशकार होण्यापूर्वी अनेक वर्षे शाळामास्तर होते, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठीत मात्र या दोन्ही कामांना एकच शब्द जुंपलेला आहे. 'ऐतिहासिक पन्हाळा' असे आपण म्हणतो तेव्हा तेथे स्तुती नसते, केवळ माहिती असते. 'ऐतिहासिक निर्णय' म्हणतो तेव्हा मात्र आपण भविष्यकाळाच्या वतीने निकाल देत असतो. ग्रामपंचायतीने नळाला तोट्या बसविल्या, हा निर्णय अत्यंत उपयुक्त आहे. परंतु तो ऐतिहासिक आहे की नाही, हे पुढच्या पिढीला ठरवू द्यावे. मुलांना हा भेद समजावून देण्यास फार तर एक तासिका लागेल.

'क्रांती'ची कथा याहून मनोरंजक आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. आकाशातील सूर्याचा वार्षिक मार्ग तो क्रांतिवृत्त, आणि त्याने एका राशीतून दुसरीत पाऊल टाकले की संक्रांत. तिळगूळ वाटणारे पहिलीचे मूलही हा शब्द जाणते. इंग्रजी 'रेव्होल्यूशन' हा शब्दही प्रथम आकाशातलाच. कोपर्निकसाचा १५४३ सालचा ग्रंथ ग्रहगोलांच्या परिभ्रमणाविषयी आहे आणि त्याच्या नावात हाच शब्द आहे. पुढे राज्ये उलथू लागली तेव्हा हा शब्द जमिनीवर उतरला, आणि त्याच्या मागोमाग आपली क्रांतीही उतरली. आज ती वह्यांच्या जाहिरातीत येऊन बसली आहे. 'युगप्रवर्तक' हाही असाच इंग्रजी वळणाचा शब्द. आपल्या पुराणांच्या हिशेबाने एकट्या कलियुगाचीच वर्षे ४,३२,००० होतात. असे असता एकेका तालुक्यात महिन्याला दोन-दोन युगप्रवर्तक सोहळे व्हावेत, याचे नवल वाटते.

'पर्व' हा शब्द तर आपल्या शेतातला आहे. पर्व म्हणजे सांधा. उसाचे पेर हे याच शब्दातून आले. पेरे लांब असतील तर ऊस चांगला पोसला असे शेतकरी म्हणतो. पाणी तुटले किंवा रोग पडला की पेरे आखूड होतात, गाठीला गाठ लागते, आणि अशा उसाला रस उतरत नाही. ज्या निबंधात प्रत्येक परिच्छेदाला 'नवे पर्व' सुरू होते, त्याची गत याहून निराळी नसते.

आता इंग्रजी लेखकांकडे वळू. आपल्याकडील भारदस्त गद्याचा एक मोठा झरा म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ साली सुरू झालेली निबंधमाला. शास्त्रीबोवा स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि जॉन्सन व मेकॉले हे त्यांचे आवडते इंग्रजी लेखक. त्या दोघांची लांब, तोलदार वाक्ये मराठीत आली ती मुख्यतः या मार्गाने. त्यामागे विद्वत्ता होती, म्हणून ती शोभली. पुढे विद्वत्ता मागे राहिली आणि तोल तेवढा हाती उरला. मोठा विचार मोठ्या शब्दातच सांगावयाचा असतो, असा आपल्याकडे समज दृढ झाला.

खुद्द इंग्रजीत मात्र याविरुद्ध बोलणारे लेखक निघाले. जॉर्ज ऑर्वेल याचा जन्म १९०३ साली आपल्याच देशात, बिहारमधील मोतीहारी येथे झाला. १९४६ साली त्याने राजकारण व इंग्रजी भाषा या विषयावर एक निबंध लिहिला. युगप्रवर्तक, ऐतिहासिक, अविस्मरणीय अशा विशेषणांची यादीच त्याने त्यात दिली आहे, आणि राष्ट्राराष्ट्रांतील ओंगळ व्यवहारांना प्रतिष्ठा देण्याकरिता ही विशेषणे वापरली जातात, असे त्याचे म्हणणे आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले असताना हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील कडवटपणा समजतो.

अब्राहम लिंकन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. त्यांनी मुख्याध्यापकांना लिहिले म्हणून जे पत्र आपल्या अनेक शाळांच्या कार्यालयात चौकटीत लावलेले असते, ते त्यांचे असल्याचा पुरावा नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. पत्रातील विचार चांगले आहेत. भिंतीवरून काढा असे मी म्हणत नाही. परंतु १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवरील दफनभूमीत त्यांनी केलेले भाषण निःसंशय त्यांचे आहे. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे सुमारे दोन तास बोलले. लिंकन दोन-तीन मिनिटे बोलले. शब्द सारे मिळून पावणेतीनशेच्या आत. आपण येथे बोलतो ते जगाच्या लक्षात फारसे राहणार नाही, असेही त्यांनी त्यात म्हटले. आज एव्हरेटसाहेबांचे भाषण वाचणारे थोडे.

शास्त्रज्ञांची तऱ्हा याहून संकोची. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली 'नेचर' या नियतकालिकात डी.एन.ए.च्या रचनेविषयी एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. आनुवंशिकतेचे कोडे त्यातून उलगडू लागले. त्या टिपणात त्यांनी स्वतःच्या शोधाविषयी एवढेच म्हटले, की या रचनेची काही वैशिष्ट्ये जीवशास्त्राच्या दृष्टीने बरीच लक्षणीय आहेत. कमी बोलून अधिक सुचविण्याची ही इंग्रजी रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. एकरी विक्रमी ऊस निघालेला आपला शेतकरी विचारले असता 'बरा आलाय औंदा' एवढेच म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून सारे कळते.

तेव्हा अतिशयोक्ती सर्वत्र वर्ज्यच समजावी काय? माझे मत तसे नाही. आचार्य अत्रे यांचे 'गेल्या दहा हजार वर्षांत' हे पालुपद महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. सभेत ते उच्चारले गेले की हशा पिकत असे. कारण हे माप खरे नाही, हे वक्ता व श्रोता या दोघांनाही पक्के माहीत असे. तो खेळ होता, त्यात फसवणूक नव्हती. आणि हेच अत्रे पुण्यातील शाळेचे मुख्याध्यापक होते व त्यांनी मुलांसाठी नवयुग वाचनमाला सिद्ध केली, हे विसरू नये. मैदानावरची भाषा मैदानावर आणि वाचनमालेची भाषा वाचनमालेत. आपण नेमकी गल्लत येथे करतो.

आपल्या करवीर नगरीत महत्त्वाच्या गोष्टी कशा सांगितल्या गेल्या? २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींच्या सरकारने मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम काढला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. त्या हुकुमातून लोकांच्या स्मरणात राहिला तो एक आकडा, शेकडा पन्नास. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. त्यातूनही आठवणीत राहिला तो मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. आपण जयंतीच्या भाषणात या दोन्ही गोष्टींवर विशेषणांचे इतके हार घालतो की पन्नास आणि एक हे आकडे त्याखाली दिसेनासे होतात. चौथीतील मुलाला 'युगपुरुष' हा शब्द पाठ असतो. रुपया कशाबद्दल होता ते सांगता येत नाही. त्या काळी एक रुपयात काय काय येत असे, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या ऐकीव गोष्टींतून त्याला शोधू द्या. मग सक्ती म्हणजे काय, हे त्याला आपोआप समजेल.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. आपला जिल्हा पुराचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी मोजतात. तेथे ३९ फुटांना 'इशारा' म्हणतात आणि ४३ फुटांना 'धोका'. हे दोन्ही शब्द साधे आहेत. पण प्रत्येकाच्या मागे एक खूण आहे, आणि त्या खुणेला पाणी टेकल्यावाचून तो शब्द कोणी उच्चारीत नाही. म्हणून त्याला किंमत आहे. 'धोका' हा शब्द कानी पडला की माणसे गोठ्यातील दावी सोडतात.

'अभूतपूर्व' या शब्दालाही खरे पाहता अशीच खूण आहे. पूर्वी झाले नाही ते अभूतपूर्व; म्हणजे हा शब्द लिहिण्यापूर्वी मागची नोंद पाहिली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराची खूण ज्यांच्या भिंतीवर होती, त्यांतील कित्येक जण त्या खुणेच्या भरवशावर घरात थांबले होते. पाणी खूण ओलांडून वर चढले. त्या दिवशी 'अभूतपूर्व' हा शब्द अक्षरशः खरा होता, आणि तो ऐकून माणसांनी घर सोडावे असा त्याचा अधिकार होता. परंतु तोपर्यंत आपण तो स्नेहसंमेलनाला वापरला होता, वाढदिवसाच्या फलकावर वापरला होता, क्रीडास्पर्धेच्या प्रतिसादाला वापरला होता. मोठी नोट सुट्यासाठी मोडत गेलो आणि गरजेच्या दिवशी खिसा रिकामा निघाला. 'न भूतो न भविष्यति' याच्या उत्तरार्धाविषयी तर बोलावयासच नको. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगा पुन्हा तितकीच चढून आली.

त्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातील एका शाळेस मी भेट दिली. मुलांनी पुरावर लिहिलेले निबंध टेबलावर होते. ज्याला सर्वांत अधिक गुण पडले होते, त्याने 'अभूतपूर्व महापुराने सर्वत्र हाहाकार माजविला' असा आरंभ करून दोन पाने भरली होती. शेवटपर्यंत वाचूनही त्याच्या घरात पाणी आले होते की नाही ते कळेना. खालच्या एका वहीत सहाच वाक्ये होती. पाणी फळ्याच्या वरच्या कडेला लागले. खडूचा लगदा झाला. आम्ही म्हैस वर नेली. रेडकू राहिले. आई त्याला हाक मारीत होती. आता म्हैस दूध देत नाही. शेऱ्यात लाल शाईने लिहिले होते: 'विस्तार हवा. शब्दसंपत्ती वाढवा.'

शेरा देणारे शिक्षक कष्टाळू होते. पुरात त्यांचेही घर गेले होते. परीक्षेच्या चालीप्रमाणेच त्यांनी गुण दिले. ती चाल आपण बदलली पाहिजे, आणि त्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निबंध तपासताना विशेषणावर बोट ठेवावे आणि उरलेले वाक्य वाचावे. काही उरत असेल तर गुण द्यावे. उरत नसेल तर मुलाला जवळ बोलावून, कोणाचे, किती, केव्हा, आणि आधी काय होते, असे विचारावे. त्याचे उत्तर बहुधा त्याच्या निबंधाहून सरस असते. तेच वहीत उतरवून घ्यावे. बोलीत सांगेल तर बोलीत उतरवावे, प्रमाण रूप मागाहून शिकविता येते. शाळेच्या अहवालातही हाच प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. 'पटनोंदणीत क्रांतिकारक वाढ' असे लिहून येते, तेव्हा मला पुन्हा पत्र पाठवून आकडा मागवावा लागतो. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबाची एक मुलगी हंगाम संपेपर्यंत शाळेत टिकली, असे कोणी लिहिले तर ते वाक्य मी वरिष्ठांकडे जसेच्या तसे पाठवीन.

पुढील परिषदेस येताना एक काम करून यावे. नदीकाठच्या शाळांनी २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण शोधून, ती जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मुलांकडूनच फूटपट्टीने मोजून घ्यावे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडील डोंगरातील शाळांनी गावात वीज प्रथम कोणत्या वर्षी आली, आणि पहिल्या संध्याकाळी कोणाच्या घरी दिवा लागला, हे जाणत्या माणसांकडून विचारून घ्यावे. प्रत्येक मुलाने त्यावर विशेषण न वापरता पाच वाक्ये लिहावीत. वह्या बरोबर आणाव्यात. आपण त्या येथे मोठ्याने वाचू.